करवत कोणती घ्यावी?

नांदगांवच्या आमच्या घरीं अजून बंब पेटतो. बाभळीचे ओंडके कापण्यासाठीं यंत्राची करवत घ्यावयाचें ठरलें, तेव्हां धाकट्या बंधूंना वीस इंची पातें हवें होतें. हौसेला मोल नसतें! ओंडके फूटभर जाडीचे, त्यांना चौदा इंची पातें पुरतें. आणि कापणार सत्तरीचे काका. लांब पात्याबरोबर जड यंत्रहि येतें. पात्याच्या टोंकाचा वरचा भाग लांकडाला लागला, कीं करवत उसळून तोंडावर येते. म्हणून साखळी तत्क्षणीं थांबविणारा ब्रेक असलाच पाहिजे. अंगणापुरती विजेची करवत बरी, पेट्रोलांत तेल मिसळण्याची दगदग नाहीं. बाभूळ कठीण, धार लवकर जाते. गोल कानसहि हवी. काकांनीं दोन्ही करवती कमरेइतक्या उंच धरून पाहिल्या आणि लहान पुन्हां खालीं ठेवलीच नाहीं.