चावीच्या बाजूचा डाग

वडिलांचं एचएमटी जनता माझ्याकडे आलं तेव्हा पांढऱ्या डायलवर तीनच्या आकड्याभोवती चहाच्या रंगाचा डाग पडलेला होता. भिवंडीत यंत्रमागावर बारा-बारा तासांच्या पाळ्या त्यांनी हे घड्याळ मनगटावर ठेवून काढल्या. चावी तीनच्या बाजूला. घाम आणि पावसाळ्याची ओल तिच्याच फटीतून आत गेली आणि डायलवरचं लॅकर आधी तिथे पिवळं पडलं. डाग नऊच्या आकड्यापर्यंत पोचलाच नाही.

दुरुस्तीला दिलं तर कारागीर म्हणाले, "साहेब, डायल रंगवून देतो, नव्यासारखी होईल." मी नको म्हटलं. त्यांच्याच टेबलावर मात्र उलटं काम चाललं होतं. कडक चहाच्या पाण्यात कोरी डायल पडली होती आणि तिच्या शेजारी दुसरी, बाहेर काढून दिव्याखाली वाळत घातलेली. जुन्या दिसणाऱ्या घड्याळाला गिऱ्हाईक आहे, त्यांनी सरळ सांगितलं.

खरंच आहे. उन्हाने तपकिरी झालेल्या काळ्या डायलला शौकीन 'ट्रॉपिकल' म्हणतात आणि जास्त पैसे मोजतात. जुन्या काट्यांवरचा अंधारात चमकणारा लेप बऱ्याच वर्षांनी पिवळसर होतो, म्हणून स्वित्झर्लंडच्या कंपन्याही हल्ली नव्या घड्याळांना मुद्दाम तसाच रंग देतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही, कारण ते घड्याळ नवं म्हणूनच विकलं जातं. चहात बुडवलेली डायल 'आजोबांच्या वेळची' म्हणून विकणं मात्र फसवणूक आहे. आणि जुनी डायल भडक रंगवून विकणं हीही फसवणूकच. अशा घड्याळांना परदेशातले संग्राहक 'मुंबई स्पेशल' म्हणतात, ते ऐकून वाईट वाटतं. तीच मुंबई, जिथले कारागीर कुठलंही बंद मशीन चालू करून देतात.

एचएमटीने सिटिझनच्या सहकार्याने 1961 मध्ये बंगळूरला घड्याळं बनवायला घेतली आणि 2016 मध्ये सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायचं ठरवलं. त्या काळातली मूळ डायल आता नव्याने निघणार नाही, जी आहे ती तेवढीच.

खरं जुनेपण कुठून तरी शिरतं, चावीतून, काचेच्या सैल कडेतून. रेडियमचे काटे असतील तर घड्याळ बंद पडून राहिलं त्या जागी डायलवर काट्याची तपकिरी सावली उमटते. चहाचा रंग मात्र सगळीकडे सारखा बसतो, अगदी आकड्यांच्या मागेपुढेही, आणि त्याला कुठून आलास विचारलं तर सांगता येत नाही.

तुमच्या घरी असं घड्याळ असेल तर मशीन साफ करून, तेल घालून घ्या. डायलला हात लावू देऊ नका. काट्यांवर रेडियम असेल तर ते खरवडू तर मुळीच नका, त्याचा किरणोत्सर्ग अजून संपलेला नाही.