अंतिम पग

एनडीए, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, म्हटलं की बाहेरगावच्या माणसाच्या डोळ्यांसमोर खडकवासल्याचं धरण येतं. पण धरणाची भिंत आणि चौपाटीवरची कणसं-भजी सिंहगड रस्त्याच्या अंगाला आहेत. प्रबोधिनीत जायचं तर डेक्कनवरून कर्वे रस्ता धरायचा, वारजे, शिवणे, उत्तमनगर मागे टाकायचं आणि कोंढवे-धावड्याच्या फाटकाशी उतरायचं. लातूरहून रात्रीच्या गाडीनं आम्ही चौघं आलो होतो: ताई, दाजी, माझी नववीतली लेक आणि मी. ताईचा मुलगा १४८ व्या कोर्सबरोबर ३० मे २०२५ ला बाहेर पडणार होता. याच कोर्सात प्रबोधिनीतल्या पहिल्या मुली होत्या, त्यामुळे लेकीनं यायचा हट्ट धरला होता. मलाही ते हवंच होतं.

फाटकावर पास, आधार कार्ड, पिशव्यांची तपासणी. पुढे बस. उत्तमनगरची दाटीवाटी मागे पडते न पडते तोच झाडी सुरू झाली आणि मग बराच वेळ झाडीच. तेव्हाच्या मुंबई राज्यानं इथली आठ हजार एकरांहून जास्त जमीन दिली, म्हणून प्रबोधिनी पुण्याला आली. सोबत तळं होतं, डोंगर होते, लोहगावचा विमानतळ जवळ होता, समुद्रही फार लांब नव्हता. तिन्ही दलांची पोरं एकत्र शिकवायची तर याहून सोयीची जागा कुठली? यंदा पाऊस मे संपायच्या आतच येऊन ठेपला होता. रस्ते धुतलेले, माती काळी पडलेली. दक्षिणेला ढगांच्या फटीतून सिंहगडाचा माथा मधूनच दिसत होता. दाजींनी टोपी काढून तिकडे नमस्कार केला.

या गडाची भाच्याच्या तोंडून ऐकलेली हकीकत निराळी आहे. कॅडेटांसाठी सिंहगड म्हणजे शिक्षा. काही चुकलं, कुठे उशीर झाला, की रविवारी पाठीवर पिठ्ठू बांधून गड चढून यायचं. तानाजीच्या गडावर उत्तराखंडचा, मणिपूरचा, केरळचा मुलगा धापा टाकत चढतो आणि त्या गडाचं नाव जन्मभर विसरत नाही. आमच्याकडे शाळेची सहल जाते, फोटो निघतात, पिठलं-भाकरी होते. गड नीट ओळखीचा कुणाला होतो, हे मला सांगायची गरज नाही.

सुदान ब्लॉक आधी लांबून दिसतो. जोधपूरचा तांबडा दगड आणि वर घुमट. फोटोत पाहिलेली इमारत समोर आली की बहुतेक जण फोन काढतात. मी मात्र तिच्या नावापाशी थबकले. दुसऱ्या महायुद्धात सुदानच्या रक्षणासाठी आणि शेजारच्या इरिट्रियात हिंदी पलटणी लढल्या. त्यांच्या स्मारकासाठी १९४१ मध्ये सुदान सरकारनं व्हाइसरॉयकडे एक लाख पौंड दिले. फाळणीनंतर त्यातले सत्तर हजार भारताच्या वाट्याला आले आणि त्या पैशाची ही वास्तू झाली. ३० मे १९५९ ला सुदानच्या राजदूतांनी तिचं उद्घाटन केलं. आमच्या भाच्याचं संचलन बरोबर त्याच तारखेला होतं. इरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरांवर मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणीही होत्या आणि 'केरेन' हा रेजिमेंटचा युद्धसन्मान आहे. साताऱ्या-कोल्हापूरकडची, कोकणातली शेतकऱ्यांची पोरं त्या ओसाड कड्यांवर पडली. त्यांच्या घरच्यांना केरेन कुठे आहे हे तरी कळलं असेल का? महाराष्ट्रातल्या फार कमी लोकांना या घुमटाशी आपलं असलेलं हे नातं माहीत आहे. शाळेत ते शिकवलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

प्रबोधिनीची कल्पनाही त्याच महायुद्धानंतरची. ऑकिनलेक समितीनं १९४६ च्या डिसेंबरात अहवाल दिला: भूदल, नौदल आणि हवाई दलाचे होणारे अधिकारी पहिल्या दिवसापासून एकत्र शिकले पाहिजेत. जानेवारी १९४९ मध्ये डेहराडूनला त्या धर्तीवर शिक्षण सुरू झालं, ऑक्टोबरात पंडित नेहरूंनी खडकवासल्याला कोनशिला बसवली आणि १९५४ च्या अखेरीस सगळं बिऱ्हाड इथे आलं. तिन्ही दलांची एकत्र प्रबोधिनी तोवर जगात कुठेही नव्हती. बड्या देशांनी आपापल्या दलांच्या शाळा वेगळ्याच ठेवल्या होत्या. म्हणजे इथली सगळ्यात जुनी परंपरा हीच की कुणी न केलेलं करून पाहायचं. त्याचं फळही दिसलं. डेहराडूनच्या पहिल्याच कोर्सातले तिघे, रॉड्रिग्ज, रामदास आणि सुरी, पुढे एकाच वेळी तिन्ही दलांचे प्रमुख झाले. २०१९ च्या अखेरीस पुन्हा तसंच घडलं: ५६ व्या कोर्सातले नरवणे, करमबीर सिंग आणि भदौरिया. नरवणे तर पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीचे विद्यार्थी. सतराव्या-अठराव्या वर्षी एकाच मेसमध्ये शेजारी बसून जेवलेली माणसं चाळीस वर्षांनी एकमेकांना फोन करतात, तेव्हा मधे फायली येत नाहीत. एवढा एक फायदाही पुरेसा आहे.

भाचा दहावीनंतर संभाजीनगरच्या सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूटमध्ये गेला. राज्य सरकारनं १९७७ मध्ये काढलेल्या या संस्थेमुळे मराठवाड्याच्या पोरांना एनडीएची वाट सापडली. त्याआधी आमच्याकडे 'सैन्यात जातो' म्हणजे भरतीच्या मैदानावर धावायला जातो, एवढंच. अधिकारी होता येतं, त्यासाठी यूपीएससीची लेखी परीक्षा असते, मग पाच दिवसांची एसएसबीची निवड चाचणी असते, हे सांगायलाही गावात कुणी नव्हतं.

इथे आल्यावर त्याला एक स्क्वॉड्रन मिळाली. अल्फापासून रोमिओपर्यंत अठरा आहेत, आणि तीन वर्षं तेच घर. कुणी कुठल्या दलात जाणार, हा प्रश्न स्क्वॉड्रनमध्ये मागे पडतो. क्रॉस कंट्रीला आपलं निशाण पुढे असलं पाहिजे, हा पुढे. पहिल्या टर्मचा मुलगा चालत नाही, धावतो. सायकली घेऊन रांगेत, वर्गाला रांगेत, मेसला रांगेत. भाच्यानं हसत हसत रगड्याच्या, म्हणजे शिक्षेच्या कसरतींच्या, गोष्टी सांगायला सुरुवात केली तेव्हा ताई गप्प झाली. तीन वर्षं फोनवर तो फक्त 'मजेत आहे' म्हणत होता. तिनं त्याचे हात हातात घेतले आणि उलटे करून पाहिले. कोपरांवर जुन्या खरचटीचे काळे डाग होते, तळवे राठ झाले होते. मग तिनं त्याचे बूट पाहिले. ड्रिलचे काळे बूट, तळाला खिळे आणि टाचेला नाल, पुढचा भाग असा चकाकणारा की त्यात तिचा चेहरा दिसत होता. 'हे तू घासतोस?' तिनं विचारलं. घरी असताना त्यानं स्वतःचं ताटसुद्धा उचललं नव्हतं.

ही कठोरता सगळीच्या सगळी पवित्र मानावी, असं मला वाटत नाही. शरीर थकवणं आणि शरीर मोडणं यात फरक आहे, आणि तो सांभाळणं हे वरिष्ठांचं काम. प्रशिक्षणात ज्यांना कायमची इजा होते, त्यांना घरी जावं लागतं. कमिशन मिळालेलं नसल्यानं त्यांना माजी सैनिकाचा दर्जा नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं याची स्वतःहून दखल घेतली आणि त्यानंतर त्यांच्यासाठी माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं दार उघडलं. वीस-बाविसाव्या वर्षी चाकाच्या खुर्चीत बसलेल्या मुलाला पदकं नकोत, औषधपाणी हवं असतं, पोटापाण्याचं काम हवं असतं. इतकी वर्षं हे कुणाला सुचू नये, याचं दुःख वाटतं.

संचलन खेत्रपाल मैदानावर. बसंतरच्या लढाईत १९७१ मध्ये एकविसाव्या वर्षी रणगाड्यात पडलेला अरुण खेत्रपाल इथलाच, फॉक्सट्रॉट स्क्वॉड्रनचा. प्रेक्षकांत आमच्या एका बाजूला हरियाणाचं कुटुंब, आजोबांच्या छातीवर पदकं. दुसऱ्या बाजूला मिझोरामच्या वाटेवरच्या कुठल्याशा गावातून आलेली आई, तिला हिंदी जेमतेम येत होती. तिच्या नि ताईच्या गप्पा खुणांवरच चालल्या होत्या आणि चांगल्या रंगल्या होत्या. मग बँड सुरू झाला, ॲडज्युटंट घोड्यावरून आले आणि सगळं मैदान एका पावलानं हललं. तो आवाज टीव्हीवर कळत नाही. शेकडो नालांचा ठोका जमिनीतून बाकड्यात येतो आणि बाकड्यातून छातीत.

मिझोरामचे राज्यपाल, माजी लष्करप्रमुख व्ही. के. सिंग यांनी मानवंदना स्वीकारली. तीनशेहून जास्त मुलं आणि सतरा मुली. माझी लेक त्या सतरा जणी मोजायला उठून उभी राहिली, पण त्या चटकन सापडेनात. सगळ्यांचा गणवेश एक, पाऊल एक, हात एकाच उंचीला. नजर ताणून एक सापडायची, तोवर रांग पुढे गेलेली असायची. तिला थोडं हिरमुसल्यासारखं झालं. मला मात्र तेव्हा भरून आलं.

ही वाट सहज उघडली नव्हती. १८ ऑगस्ट २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं अंतरिम आदेश दिला, तेव्हा कुठे त्या वर्षीच्या नोव्हेंबरात मुली परीक्षेला बसल्या. जागा ठेवल्या एकोणीस: भूदलात दहा, नौदलात तीन, हवाई दलात सहा. प्रबोधिनीच्या एकूण तीनशे सत्तर जागांमधल्या. मुली आल्या तर शिस्त ढिली पडेल, कस कमी होईल, असं बोलणारे त्या वेळी पुष्कळ होते. त्यांनी त्या दिवशी खेत्रपाल मैदानावर असायला हवं होतं. तीन दलांना एका छताखाली आणणं हे १९४९ मध्ये जितकं नवं होतं, तितकंच हेही. संस्थेच्या मुळाशीच नवं पचवायची ताकद आहे, म्हणून ते पचलं. आता खटकतो तो आकडा. एकोणीस ही सुरुवात म्हणून समजू शकते, मर्यादा म्हणून नाही.

शेवटी बाहेर पडणारा कोर्स संथ पावलांनी क्वार्टरडेकपाशी आला. निरोपाची ऑल्ड लँग साइनची धून सुरू होती आणि एकेक रांग अंतिम पग ओलांडत होती. ओलांडलं की एनडीएतला मुक्काम संपला. भाचा आमच्या समोरून गेला तेव्हा त्याचा चेहरा दगडासारखा होता. पलीकडे गेल्यावर टोप्या हवेत उडाल्या, तेव्हा तो मित्राच्या गळ्यात पडून रडत होता. दाजींनी मान वळवली.

नंतर तो आम्हाला हट ऑफ रिमेम्बरन्सकडे घेऊन गेला. कॅडेटांनीच श्रमदानातून उभारलेली ही दगडी वास्तू. आत इथून गेलेल्या आणि परत न आलेल्यांची नावं आहेत. काँगोत पडलेले सलारिया, खेत्रपाल, कारगिलचे मनोजकुमार पांडे, हे तिघे परमवीर. आणि ज्यांची नावं वर्तमानपत्रात एकदाच छापून आली असतील असे कितीतरी. त्यानं नुसता सॅल्यूट केला आणि बाहेर आला. ताईनं आत फार वेळ घालवला नाही. आईला तिथे फार वेळ थांबवूही नये.

बाहेर आल्यावर दाजींनी पेढ्यांचा पुडा सोडला. मराठवाड्यातल्या नातेवाइकांचे फोन सुरू झाले, 'लेफ्टनंट झाला का?' अजून नाही, हे समजावून सांगावं लागत होतं. इथून तो एक वर्ष डेहराडूनला जाणार. हवाई दलाची मुलं दुंडिगलला, नौदलाची एळिमलाला. खांद्यावरचे तारे त्यानंतर. तीन वर्षांची पदवी जेएनयूची मिळते, हे ऐकून लातूरच्या काकांना सगळ्यात जास्त समाधान झालं.

या गडबडीत माझी लेक त्याला बाजूला घेऊन गेली होती. मी जवळ गेले तर तिची प्रश्नांची सरबत्ती चालू होती. उंची किती लागते, चष्मा चालतो का, नाशिकला मुलींसाठी सुरू झालेल्या संस्थेची परीक्षा कधी असते. तो आता आमच्या घरातल्या पोरासारखा नव्हे, सीनिअरसारखा बोलत होता.

'आधी धावायला लाग. रोज. पाऊस असला तरी.'

'आणि?'

'अकरावीला गणित-फिजिक्स सोडू नकोस. आर्मीला कुठलीही शाखा चालते, पण ते सोडलंस तर एअर फोर्स आणि नेव्हीचं दार बंद. नऊशे मार्कांच्या लेखीत तीनशेचं गणितच असतं.'

'मला गणित आवडत नाही, दादा.'

'मग आत्तापासून आवडवून घे,' तो म्हणाला, आणि तिची वही मागून घेऊन तिच्यात पुस्तकांची नावं लिहायला लागला.