चतुःसीमा

"हाऊ कोना वावरना नकाशा शे व?" माझ्या लॅपटॉपकडे बघत आप्पांनी विचारलं.

आप्पा दस्तलेखक. शिरपुरात खरेदीखतं, वाटणीपत्रं लिहिण्यात त्यांचा जन्म गेला. रंगीत तुकडे दिसले की त्यांना शेतंच दिसतात. ही मोठ्या आतड्यातली कॅन्सरची गाठ आहे, असं सांगितल्यावर ते चष्मा सावरून शेजारी बसले. "मंग तिना मालक कोन?"

मलाही तेच कळत नव्हतं. मी कॉम्प्युटरवाली, जीवशास्त्र दहावीनंतर सुटलं. गाठीत कोणती पेशी कुठे बसते याचा नकाशा संगणकावर काढायचं काम शिकायला घेतलं, ते फुकट मिळणाऱ्या चित्रांवर आणि धुळ्याच्या एका पॅथॉलॉजिस्ट मॅडमच्या भरवशावर.

पहिल्याच दिवशी फजिती. गाठ गुलाबी-जांभळी असते, असं मी वहीत लिहिलं. मॅडम हसल्या. गाठ फॉर्मलीनमध्ये टिकवतात, मेणाच्या ठोकळ्यात बसवतात, त्यातून चार-पाच मायक्रॉन जाडीचा काप काढतात. हा काप जवळजवळ बिनरंगी. रंग आपण देतो. हिमॅटॉक्सिलिन पेशीची केंद्रकं निळी-जांभळी करतं आणि ते येतं मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडातून. बाकीचं इओसिन गुलाबी करतं.

दुसरी फजिती मोठी. गर्द जांभळ्या ठिपक्यांची दाटी दिसली, म्हणून मी तिच्याभोवती लाल रेघ ओढली: कॅन्सर. मॅडमनी ती पुसायला लावली. "अगं, या लिम्फोसाइट. लढायला आलेल्या पेशी. चोर म्हणून तू पोलिसांनाच धरलंस." कॅन्सर बाजूलाच होता, वेड्यावाकड्या ग्रंथींचा. निरोगी आतड्यातल्या ग्रंथी आडव्या कापल्या की ओळीने मांडलेल्या बांगड्यांसारख्या दिसतात. इथे ती शिस्तच मोडली होती.

मग क्यूपाथ नावाच्या मोफत सॉफ्टवेअरला पेशी मोजायला लावलं. चित्र साध्या फोटोच्या रूपात साठवताना त्याचं माप हरवलं होतं. एक पिक्सेल म्हणजे किती मायक्रॉन, हे सॉफ्टवेअरला कळेना. त्याने एकेका पेशीचे तुकडे करून मोजले आणि कापाला पडलेल्या घडीतूनही पेशी शोधून काढल्या. माप सुधारलं, घड्या वगळल्या, तेव्हा कुठे यादी तयार झाली: कॅन्सरच्या इतक्या, लिम्फोसाइट इतक्या, बाकीच्या इतक्या. मी खूश. आप्पांनी यादी वाचली.

"हाई ते सातबारा व्हयना. चतुःसीमा कथी शे?"

सातबाऱ्यावर कोणाच्या नावे किती जमीन ते कळतं. खरेदीखतात मात्र पूर्वेस कोणाचं शेत, पश्चिमेस नाला, दक्षिणेस रस्ता, उत्तरेस कोणाचा गट, हे लिहावं लागतं. त्याशिवाय ती जमीन नेमकी कुठली, हे ठरत नाही.

मॅडमनी वाचायला दिलेला शोधनिबंध तीनदा वाचूनही माझ्या डोक्यावरून गेला होता. आप्पांच्या त्या वाक्यानंतर तो उलगडला. २०२० साली 'सेल' नियतकालिकात गॅरी नोलन यांच्या स्टॅनफर्डच्या प्रयोगशाळेने तो प्रसिद्ध केला. ३५ रुग्णांच्या गाठींचे १४० तुकडे. प्रत्येकावर ५६ प्रथिनांचा शोध. एका वेळी दोन-तीन चमकते रंग लावायचे, फोटो काढायचा, धुवायचं, पुढचे लावायचे. त्यातून कोणती पेशी कुठली ते ठरलं. मग प्रत्येक पेशीभोवतालचा छोटा शेजार पाहिला आणि सारखे शेजार एकत्र केले, तेव्हा नऊ प्रकारच्या वस्त्या सापडल्या: कुठे टी-पेशींची (लिम्फोसाइटचाच एक प्रकार), कुठे मॅक्रोफेज या भक्षक पेशींची, कुठे गाठीच्या बांधावरची. त्यातली एक गोष्ट मला अजून चकित करते. आजार जास्त धोक्याचा असलेल्या रुग्णांच्या गटात एका जातीच्या टी-पेशी ग्रॅन्युलोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींच्या वस्तीत जास्त असतील, तर रुग्ण अधिक काळ जगल्याचं दिसलं. त्याच पेशी इतर वस्त्यांमध्ये असल्या, तर तसा संबंध दिसला नाही. क्षेत्र तेच, चतुःसीमा वेगळी.

ही नुसती कुतूहलाची गोष्ट नाही. गाठीच्या मध्यभागी आणि काठावर किती टी-पेशी आहेत, यावरून आजार उलटण्याचा धोका सांगणारी 'इम्युनोस्कोअर' पद्धत फ्रान्सच्या जेरोम गॅलाँ यांनी आणली. २०१८ साली १३ देशांतल्या रुग्णांवर ती पडताळली गेली. त्या कामात अहमदाबादचं कर्करोग केंद्रही होतं.

मी उत्साहाने माझ्या चित्रात प्रत्येक पेशीचे दहा शेजारी काढले आणि रंगीत वस्त्या आप्पांना दाखवल्या. त्यांनी चित्राच्या अगदी वरच्या कडेला असलेल्या एका पेशीवर बोट ठेवलं.

"आनि इना उत्तरले कोन?"

उत्तरेला चित्रच संपलं होतं. माझ्या प्रोग्रामने मात्र तिला दहा शेजारी मुकाट्याने देऊन टाकले होते, सगळे दक्षिणेकडून ओढून आणलेले. शेजारी माहीत नसताना दस्त लिहिला होता मी. त्या रात्री कडेच्या सगळ्या पेशी हिशोबातून काढल्या. दोन वस्त्या नाहीशा झाल्या.

मॅडमना कळवलं, तर त्यांनी पुढचं कोडं घातलं: चतुःसीमेत वर-खाली कुठे आहे? २०२३ साली हार्वर्डच्या गटाने एकाच गाठीचे एकापाठोपाठ एक काप जोडून पाहिले, तेव्हा एका कापात सुटी सुटी दिसणारी रोगप्रतिकारक पेशींची बेटं खोलीत एकमेकांना जोडलेली निघाली. शिरपूरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी इथले नाले खोल-रुंद करून बंधारे घातले आणि नाल्यात अडवलेलं पाणी जमिनीखालून आसपासच्या विहिरींत उतरलं.

आप्पांना हे सांगितलं, तर त्यांनी नुसता समोरचा दस्त उलटा करून माझ्यापुढे सरकवला. चतुःसीमेखाली, दरवेळी लिहितात तीच ओळ होती: जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी-निक्षेपासह.

माझ्या नकाशात त्या ओळीची जागा अजून कोरी आहे.