अढीतला आंबा

कोवळा काढलेला आंबा अढीत कितीही राखला तरी पिकत नाही, हे आमच्या तळेऱ्यात पोरांनाही ठाऊक असते. रक्ताच्या एका कर्करोगात पांढऱ्या पेशींचे असेच होते. त्या अर्ध्या वाढीवर अडतात आणि कोवळ्याच गर्दी करतात.

जालीम औषधांनी त्यांना मारायचे, ही जुनी रीत. शांघायच्या डॉ. वांग झेनयी यांनी मात्र १९८५ साली पाच वर्षांच्या एका मुलीला अ जीवनसत्त्वापासून होणारे आम्ल दिले. अडलेल्या पेशी वाढल्या, पिकल्या आणि आपल्या वेळेला गळून गेल्या. मुलगी बरी झाली. १९८८ साली त्यांनी २४ रोग्यांची हकीकत छापली. २३ जणांचा रोग एवढ्याच औषधाने ओसरला होता. पुढे त्याला सोमलाची जोड मिळाली.

शेजारच्या काकींच्या नातवाच्या रक्तात दोष निघालेला. हे ऐकून त्या म्हणाल्या, “गुरुजी, मगे नातवाक पपयच घालू काय?”

“काकी, पपई खाऊन हे साधत नाही, आणि सोमल तर विषच. मात्रा डॉक्टरांनीच मोजायची. आधी रोगाची जात तपासा. औषध याच जातीला लागू. पण उशीर नको. यात रक्तस्राव होऊन माणूस चार दिवसांत हातचा जातो.”

त्याच रात्रीच्या एस.टी.ने नातवाला घेऊन त्या परळच्या टाटा रुग्णालयाकडे निघाल्या.