सावलीचा हिशेब

आम्ही बी.कॉम. झालेले, कचेरीत जमाखर्च लिहिणारे साधे कारकून. रविवारची सुट्टी मात्र आम्ही घरी काढीत नाही. घाटकोपर पूर्वेला आमच्या वसाहतीमागे एक मोकळे पटांगण आहे. तिथे सकाळी सात ते दहा वस्तीतील मुले-मुली विमाने उडवितात.

विमाने म्हणजे टीव्हीच्या खोक्यातील थर्माकोल तापलेल्या तारेने कापायचे, बांबूची काडी लावायची, नाकाला मातीचा गोळा चिकटवायचा आणि हाताने सोडून द्यायचे. मोटार नाही, रिमोट नाही. विमानतळ जवळ असल्यामुळे आम्ही तसले काही उडवीत नाही. डोक्यावरून खरी विमाने उतरत असतात आणि खाली आमची मुले पंख किती वाकवावा यावर भांडत असतात. एअर विंगमध्ये एन.सी.सी. केलेले एक काका त्यांना शिकवितात. पैसे, पावती पुस्तक आणि पाण्याचा पिंप हे खाते आमच्याकडे.

या पटांगणात झाड नाही. मार्च लागला की नऊ वाजताच मुलांची डोकी तापतात. एकदा पाचवीतली एक मुलगी विमान उचलायला वाकली ती तिथेच बसली. तिला घेरी आली होती. त्या दिवशी आम्ही ठरविले की सावली करायची.

इथे आमची एक चूक सांगायला हवी. ती लपवून पुढचे सांगण्यात अर्थ नाही.

२०२२ च्या मे महिन्यात आम्ही चार लोखंडी पाईप उभे केले, बुडाशी विटा रचल्या आणि वर ताडपत्री ताणून सुतळीने बांधली. वेल्डर मामा म्हणाले होते, "दादा, खड्डे खणून काँक्रीट भरू." आम्ही वहीत पाहिले. शिल्लक कमी होती. आम्ही म्हणालो, "दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे, विटा पुरतील." तिसऱ्या रविवारी वावटळ आली. ताडपत्री फुगली, पाईप विटांसकट उचलला गेला आणि एका मुलाच्या हातावर पडला. हात मोडला. त्याची आई चार घरची कामे करते. मुलाला घेऊन दवाखान्यात खेपा घालताना तिची दोन घरची कामे गेली. मंडळाने औषधाचा खर्च दिला, पण गेलेली कामे आम्ही कुठून आणणार? वाचविलेले पैसे वहीत जमेला होते. त्या पानाकडे पाहण्याची आम्हाला लाज वाटे.

पुढे दोन मोठ्या घटना घडल्या. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. व्यासपीठावर छत होते, समोर लाखो माणसे भर उन्हात बसली होती. उष्माघाताने १४ जण गेले. सावली ही चैनीची गोष्ट नाही, हे त्या दिवशी साऱ्या महाराष्ट्राला कळले.

दुसरी घटना तर आमच्या दाराशीच. १३ मे २०२४ रोजी दुपारी धुळीचे वादळ आले आणि छेडानगरजवळच्या पेट्रोल पंपावर जाहिरातीचा अवाढव्य फलक कोसळला. वाऱ्यापावसापासून बचाव व्हावा म्हणून आणि पेट्रोल भरण्यासाठी थांबलेली माणसे त्याखाली सापडली. १७ जणांचा बळी गेला. मुंबईत ४० फूट लांब, ४० फूट रुंद एवढी मर्यादा असताना तो फलक १२० बाय १२० फुटांचा होता. नंतर तज्ज्ञांच्या तपासणीत निघालेले आकडे वर्तमानपत्रांत आले. मुंबईत असे बांधकाम ताशी १५८ किलोमीटरचा वारा सोसेल असे हवे. हा फलक ४९ चाच वारा सोसू शकत होता आणि त्या दिवशीचा वारा ८७ चा होता.

आम्ही ती बातमी कापून वहीत चिकटविली. आमच्या विटांनी किती वारा सोसला असता, हा प्रश्न तेव्हापासून मनातून जात नाही.

यंदा सावलीचा विषय पुन्हा निघाला. मिटींगला त्या मुलाची आईही आली होती. आता ती कमिटीवर आहे. तिने सर्वांसमोर विचारले, "दादा, या टायमाला विटा किती लावणार?" कोणी हसले नाही. आम्ही म्हणालो, "ताई, या वेळी आधी हिशेब, मग खर्च."

तो हिशेब इथे देत आहोत. वस्तीवस्तीत मांडव पडतात, तेव्हा कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

वारा छताला नुसता ढकलत नाही. चारही बाजू उघड्या असल्या की तो खालून शिरून छत वर उचलतो आणि वरून जाणारा वारा ते ओढतो. म्हणून मांडव पडण्याआधी बहुधा उडतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी १५८ किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब ढोबळमानाने दर चौरस फुटाला ११ किलो पडतो. आमची सावली ३० फूट लांब, २० फूट रुंद, म्हणजे ६०० चौरस फूट. ६०० गुणिले ११ म्हणजे ६,६०० किलो. साडेसहा टनांहून अधिक ओढ! आणि आम्ही ती विटांवर सोपविली होती.

आता खांब सहा. प्रत्येक खांबाखाली तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल खड्डा काँक्रीटने भरला तर २७ घनफूट होतात. घनफुटाला सुमारे ६८ किलो धरले तर एका खड्ड्यात १,८०० किलो आणि सहांत सुमारे ११ टन वजन बसते. हा झाला कारकुनी हिशेब. आम्ही तो इंजिनिअरकडे नेला. ते म्हणाले, "वजन ठीक, पण वारा आडवाही लोटतो. खांबांना तिरके आधार द्या. तुमची जमीन खाडीकडची भरणीची आहे, घट्ट माती लागेपर्यंत खणा." खाडीची हवा लोखंड खाते, म्हणून पाईप जस्ताचा मुलामा दिलेला घ्यायचा, पाईपची उघडी तोंडे बंद करायची आणि खांबाची बेस प्लेट जमिनीपेक्षा उंच चबुतऱ्यावर बसवायची, म्हणजे तिथे पाणी साचणार नाही, हेही त्यांनी सांगितले.

मग प्रश्न आला छताचा. तरुणांना पत्रा हवा होता. काकांनी विचारले, "आपण पावसात विमाने उडवतो का?" नाही. मग आपल्याला ऊन अडवायचे आहे, पाऊस नव्हे. शेतकरी रोपवाटिकेवर घालतात ती हिरवी शेडनेटची जाळी घ्यायची असे ठरले. तिच्यातून बराचसा वारा निघून जातो, पावसाळ्याआधी ती उतरवून घडी करून ठेवता येते आणि फाटली तर नवी आणता येते. पायाचा हिशेब मात्र पत्र्याचाच धरला, कारण उद्या कुणाच्या तरी लग्नात त्याच सांगाड्यावर ताडपत्री चढणार, हे आम्ही आपल्या माणसांना ओळखून आहोत. जाळी बांधायची दोरी मुद्दाम हलकी घेणार आहोत. वादळ आलेच तर आधी दोरी तुटावी, खांब जागेवर राहावा.

सावली पडणार कुठे, हे मुलांनी शोधले. चार बांबूंवर दहा फूट उंच चादर बांधून तीन रविवार खडूने खुणा केल्या. मे महिन्यात सकाळी साडेनऊच्या सुमारास सावली छताखाली नव्हती, ती जवळजवळ दहा फूट पश्चिमेला सरकली होती. छताच्या बरोबर खाली बाके टाकली असती तर मुले उन्हातच बसली असती. मुंबईत १५ मेच्या आसपास भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते, हेही त्यांनी त्याच खांबावर पाहिले. शाळेत भूगोलात नापास झालेला एक मुलगा आता सर्वांना ते समजावतो.

शेवटी पैशाची गोष्ट. एका पुढाऱ्याने सगळा खर्च देऊ केला. अट एकच, दर्शनी बाजूला त्यांचा फोटो असलेला मोठा फलक. मिटींगमध्ये पुष्कळांना ते पटले. खरे सांगायचे तर आम्हालाही क्षणभर मोह झाला. वर्गणीसाठी दारोदार फिरण्याचे कष्ट वाचले असते. मग आम्ही वही उघडून ते कात्रण वाचून दाखविले. खांबावर लावलेला फलक म्हणजे वाऱ्याला दिलेले शीड. त्याची ओढ आमच्या हिशेबात नाही. ती ताई उठून म्हणाली, "माझी वर्गणी आत्ता लिहा." तिच्यानंतर पावती पुस्तक हातोहात फिरले. फलक नाही, पुढारी नाही.

जागेच्या मालकाची लेखी संमती आणि महापालिकेची परवानगी हाती आल्याशिवाय कुदळ मारायची नाही, असा ठराव झाला आहे. उशीर होईल. तोवर छत्र्या आणि पाण्याचा पिंप आहे, आणि उन्हाळ्यात साडेआठलाच विमाने बंद. सहा खड्ड्यांच्या जागी चुन्याच्या खुणा केल्या आहेत. ज्याचा हात मोडला होता तोच मुलगा दर रविवारी त्या पुसट झालेल्या खुणा पुन्हा ठळक करतो.

आपल्या वस्तीत कार्यक्रमाचा मांडव पडला की खाली बसण्याआधी खांबाच्या बुडाशी एकदा जरूर पाहा. तिथे विटा दिसल्या तर आयोजकांना विचारा. ते रागावले तरी विचारा. आम्हाला २०२२ साली वेल्डर मामांखेरीज कुणी विचारले नाही, आणि त्यांचे आम्ही ऐकले नाही.