एका दाताचा फरक

कला शाखेच्या विद्यार्थ्याने यंत्राविषयी लिहावे की नाही, असा प्रश्न काही मित्रांना पडेल. पण माझा खोलीसोबती अभियांत्रिकीचा आहे, आणि त्याने विजेवर उडणारे, रेडिओने हाताळायचे छोटे हेलिकॉप्टर बाळगले आहे. ते सुटे करून तो बसला की पुस्तकातले लक्ष उडते.

त्याच्या मोटरीवर ३५०० केव्ही असे लिहिले आहे. म्हणजे एका व्होल्टला मिनिटाला ३५०० फेरे. बॅटरी ११.१ व्होल्टची, तेव्हा ओझे नसताना ३८,८५० फेरे झाले. एवढ्या वेगाने पाती फिरली तर त्यांचे तुकडेच व्हायचे! म्हणून मोटरीवर १३ दातांचे इवलेसे पिनियन आणि पात्यांच्या दांड्यावर १५० दातांचे मोठे चाक बसवतात. वेग साडेअकरा पटींनी उतरतो, जोर जवळजवळ तितकाच चढतो. पात्यांना सुमारे ३,३७० फेरे मिळतात. ओझे आले की आणखी कमी. पिनियनचा एक दात कमी केला तर अडीचशेहून अधिक फेरे जातात. एक वाढवला तर तितकेच वाढतात. पण मोटर जास्त वीज ओढते आणि तापते.

"मग मोठे पिनियन लावून वेग रेडिओवरून कमी ठेवला तर?" मी विचारले.

"थोडा राखून ठेवायचाच," तो म्हणाला. "हेलिकॉप्टर वर-खाली जाते ते पात्यांचा कोन बदलून, फेरे स्थिर हवेत. कोन वाढला की ओझे वाढते, तेव्हा राखलेला वेग कामी येतो. पण फार दाबून ठेवलास तर वेग-नियंत्रक तापतो. वेग आधी दातांत बसवायचा, गड्या!"

हे मी अण्णांना फोनवर सांगितले. अण्णा चौथीपर्यंत शिकलेले, गावच्या पिठाच्या गिरणीत कामाला. माझे ऐकून घेऊन ते म्हणाले, "म्हंजी आपल्या पुलीवानीच की रं. मोटर १४४० ची, तिची पुली ५ इंची, जात्याची १२. झालं ६०० फेरं. जास्त पळवलं की पीठ करपतंय, कमी पळवलं की दळणवाल्या बायका खोळंबत्यात."

मी वहीत आकडा मांडला. बरोबर ६०० आला.

आमच्या घरात शिक्षण माझ्यापासून सुरू झाले, असे गावात सगळे म्हणतात. मला ते मान्य नाही. गणित घरात होतेच. त्याला वही मिळाली नव्हती, इतकेच. सुट्टीत गावी गेलो की गिरणीतल्या एकेका पुलीचे माप आणि तिच्याविषयी अण्णा सांगतील ते सारे लिहून घेणार आहे. बी.ए. करून काय होणार, असे विचारणाऱ्यांना ती वही दाखवीन.