पाण्याखालचा गोंगाट

हिंगोलीच्या शाळेच्या अंकांत समुद्रावर लेख कशास, असा प्रश्न कोणी केला तर तो अगदींच गैर म्हणतां यावयाचा नाहीं. मुंबईचा किनारा येथून सडकेनें साडेपांचशें किलोमीटरांच्या आसपास दूर. आमच्या कित्येक विद्यार्थ्यांनीं समुद्र केवळ चित्रांत पाहिलेला. आणि मासा म्हटला कीं आम्हांस सिद्धेश्वर धरणांतील रोहू आठवतो, पापलेट नव्हे. तथापि प्रश्नकर्त्यानें एकवार नकाशा उघडून पाहावा. आमच्या गांवावरून वाहणारी कयाधू पुढें पैनगंगेस मिळते, पैनगंगा वर्धेस मिळते, आणि वर्धा व वैनगंगा एक होऊन प्राणहिता बनते. जिल्ह्याच्या दुसऱ्या अंगाची पूर्णा मात्र निराळीच वाट धरते आणि परभणी जिल्ह्यांत गोदावरीस जाऊन मिळते. एकाच जिल्ह्यांत पडलेला पाऊस असा दोन वाटांनीं घर सोडतो, आणि कित्येक कोस हिंडून सिरोंच्याजवळ प्राणहिता व गोदावरी यांच्या संगमावर पुन्हां एक होतो. तेथून पुढें बंगालचा उपसागर. तेव्हां समुद्राशीं आमचा कांहीं संबंध नाहीं असें म्हणणाऱ्यानें भूगोलाच्या तासास डुलकी घेतली असली पाहिजे.

समुद्र वरतीं गर्जतो, पण आंत मुका असतो, अशी एक समजूत आहे. ती खरी नाहीं. आमच्या भागांतील मुलें उन्हाळ्यांत विहिरींत पोहावयास उतरतात तेव्हां एक खेळ खेळतात. एकानें पाण्याखालीं दोन दगड एकमेकांवर आपटावे आणि दुसऱ्यानें पलीकडच्या कडेस बुडी मारून ऐकावें. तो टणत्कार अगदीं कानाशींच झाल्यासारखा भासतो. १८२६ सालीं कोलाडों नांवाच्या शास्त्रज्ञानें जिनीव्हाच्या सरोवरांत हाच खेळ मोठ्या प्रमाणावर केला. एका होडीवरून पाण्यांत बुडविलेल्या घंटेवर घाव घालावयाचा, त्याच क्षणीं वर दारूचा भडका उडवावयाचा, आणि कित्येक किलोमीटर दूर दुसऱ्या होडींत बसून पाण्यांत सोडलेल्या कर्ण्यास कान लावावयाचा. त्यावरून पाण्यांतील ध्वनीचा वेग सेकंदास १४३५ मीटर निघाला. हवेंत तो ३४० च्या आसपास असतो.

उजेडाची गोष्ट नेमकी उलट आहे. समुद्रांत दोनशें मीटर खालीं गेलें कीं सूर्याचा प्रकाश जवळजवळ संपतो. जेथें डोळा निकामी होतो तेथें कानास काम करावें लागतें, आणि निसर्गानें त्याची तजवीजही तशीच केली आहे. दूर कशास जावें? आमच्या धरणांतील रोहूच्या अंगांत लहान लहान हाडांची एक साखळी असते. पोटांतील हवेच्या पिशवीचें कंपन ती थेट त्याच्या कानापर्यंत पोंचविते. वेबर नांवाच्या जर्मन पंडितानें १८२० सालीं तिचें वर्णन केलें. ज्यास आम्ही मुका व बहिरा समजून टोपलींत टाकतों तो ऐकण्यांत पुष्कळ समुद्री माशांहून सरस आहे! कोंकणांतले घोळ व ढोमा हे ज्या कुळांतले, त्या कुळांतले मासे त्याच हवेच्या पिशवीचा ढोल करून एकमेकांस साद घालतात. डॉल्फिन आपल्याच आवाजाच्या प्रतिध्वनीवरून भक्ष्य हुडकितो. आणि निळा देवमासा, जो आजवरच्या प्राण्यांत सर्वांत प्रचंड, त्याचा स्वर इतका खर्जांतला असतो कीं मनुष्याच्या कानास तो जेमतेम ऐकूं यावा. पण पाण्यांतून तो शेंकडों किलोमीटर जातो.

ह्या नांदत्या घरांत मनुष्यानें आपलीं यंत्रें आणून सोडलीं. मोठ्या जहाजाचा पंखा फिरूं लागला म्हणजे त्याच्या पात्यांवर असंख्य बुडबुडे उठतात व फुटतात, आणि त्यांचा जो घरघराट होतो तो नेमका देवमाशाच्याच खर्जांत पडतो. गणपतीच्या मिरवणुकींत शेजारच्याशीं दोन शब्द बोलावयाचे तर कशी तारांबळ उडते हें वाचकांस ठाऊक आहेच. आमच्यासाठीं निदान २००० सालचे नियम आहेत. रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंत ध्वनिक्षेपक बंद ठेवावे असें ते सांगतात, मग कोणी ते पाळो वा न पाळो. समुद्रांत रात्रही नाहीं आणि दहाही वाजत नाहींत. जहाजें कमी आवाजाचीं बांधावीं म्हणून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनें २०१४ सालीं सूचना काढल्या व २०२३ सालीं त्या सुधारल्या. पण त्या केवळ सूचना आहेत, सक्ति नव्हे.

ह्या गोंगाटानें प्राण्यांच्या प्रकृतीवर खरोखरच परिणाम होतो काय? देवमाशाची नाडी कोणी पाहावी? ह्याचें उत्तर एका मोठ्या दुःखद प्रसंगांतून अकल्पितपणें मिळालें. ११ सप्टेंबर २००१ रोजीं अमेरिकेवर जो भयंकर हल्ला झाला, त्यानंतर कांहीं दिवस त्या किनाऱ्यावरील जहाजांची ये-जा फार मंदावली. कॅनडाच्या फंडी उपसागरांत त्याच वेळीं कांहीं संशोधक राइट जातीच्या देवमाशांची विष्ठा गोळा करीत होते. काम किळसवाणें खरें, पण अंगांत भय व ताण वाढला कीं जीं द्रव्यें रक्तांत उतरतात त्यांचा माग विष्ठेंतही सांपडतो. दुसरे कांहीं संशोधक निराळ्याच हेतूनें तेथील पाण्याखालचे आवाज टिपीत होते. पुढें हीं दोन्ही टिपणें शेजारीं शेजारीं ठेवून पाहिलीं तेव्हां आढळलें कीं जहाजें थांबतांच पाण्यांतील आवाज सहा डेसिबलांनीं उतरला, म्हणजे ध्वनीचा दाब निम्म्यावर आला. आणि त्याच दिवसांत देवमाशांच्या अंगांतील ताणाचें द्रव्यही उतरलें. पुढील वर्षीं त्याच ऋतूंत जहाजें नेहमींप्रमाणें चाललीं होतीं, आणि त्या द्रव्याची अशी उतरती दिसली नाहीं. रोझलिंड रोलंड व त्यांचे सहकारी यांनीं हा वृत्तान्त २०१२ सालीं प्रसिद्ध केला. आम्हांस तो वाचून जें वाटलें तें असें कीं, ते प्राणी एरवीं आजारी दिसत नव्हते. ते पोहत होते, खात होते, पिल्लें वाढवीत होते. जन्मभर ज्या ओझ्याखालीं ते वांकले होते तें एकदां खालीं ठेवलें गेलें, म्हणून तरी तें ओझें होतें हें मनुष्यास कळलें.

कांहीं आवाज ओझ्यावर थांबत नाहींत. सप्टेंबर २००२ मध्यें कॅनरी बेटांजवळ आरमारी कवाइती चालूं असतां, पाणबुड्या हुडकण्याच्या ध्वनियंत्रांनंतर थोड्याच तासांत चोंचीसारख्या तोंडाचे १४ देवमासे किनाऱ्यास लागले. त्यांच्या शरीरांत वायूचे बुडबुडे व रक्तस्राव आढळला. २००४ सालीं स्पेननें त्या बेटांभोंवतीं तीं यंत्रें बंद केलीं, आणि तसे थवे तेथें पुन्हां किनाऱ्यास लागल्याचें ऐकिवांत नाहीं. म्हणून किनाऱ्यास आलेला प्रत्येक देवमासा आवाजाचाच बळी असें मात्र कोणी समजूं नये. नोव्हेंबर २०२३ मध्यें गणपतीपुळ्याच्या वाळूंत देवमाशाचें एक पिल्लू रुतलें; गांवकरी, वनखातें व तटरक्षक दल यांनीं अहोरात्र खपून तें खोल पाण्यांत नेलें, परंतु तें पुढें मेलेलें आढळलें. चुकलेलें, दुबळें, आईपासून तुटलेलें पिल्लू असें आवाजावांचूनही येऊं शकतें.

आमच्या मुलांची सहल एकदां मालवणकडे गेली होती. डॉल्फिन दाखविणाऱ्या होड्या तेथें पुष्कळ. काळसर पाठ दिसली रे दिसली कीं चार दिशांनीं चार होड्या इंजिनें फोडीत तिकडे धांवतात, आणि ती पाठ नाहींशी होते. आमचा नावाडी वयस्क होता. त्यानें होडी बाजूस घेतली, इंजिन बंद केलें आणि स्वस्थ बसला. मुलें कुरकुरूं लागलीं. पैसे दिले आहेत, मग हा चालत कां नाहीं? तेथें डॉल्फिनास ‘गादा’ म्हणतात. गादा कानानें जगतो, एवढेंच तो म्हणाला. दहा मिनिटें गेलीं असतील. मग होडीच्या उजव्या अंगास, हाताच्या अंतरावर म्हणावें इतक्या जवळ, कोणी मोठा सुस्कारा टाकल्यासारखा आवाज झाला, आणि पुन्हां एक. पाठीवर उंचवटा असलेले ते दोन गादे श्वास घेण्यास वर आले होते. मुलांपैकीं एकानेंही ब्र काढला नाहीं. ही कुबड असलेली जात उथळ पाण्यांत, खाड्यांच्या तोंडाशीं राहते. म्हणजे जेथें मनुष्याचीं जाळीं, होड्या व बंदरें तेथेंच तिचें घर. खोल समुद्रांत पळून जाण्याची सोय तिला नाहीं, आणि ती आज संकटग्रस्त प्राण्यांत मोडते.

आवाजाचा एक गुण मात्र कबूल केला पाहिजे: तो थांबविला कीं थांबतो. फंडीच्या उपसागरांत जहाजें उभीं राहिलीं त्याच क्षणीं पाणी निवळलें. इतर घाणीचें तसें नाहीं. ७ ऑगस्ट २०१० रोजीं मुंबईच्या बंदराबाहेर दोन जहाजांची टक्कर होऊन ‘एमएससी चित्रा’चें तेल समुद्रांत पसरलें, तें किनाऱ्यावरच्या तिवरांच्या मुळांशीं जाऊन बसलें. तुटून सुटलेल्या जाळ्यांत पाय कापलेलीं कासवें पावसाळ्यांत ठाण्या-पालघराच्या किनाऱ्यास लागतात. डहाणूस त्यांच्यासाठीं शुश्रूषाकेंद्र चालतें. जाळ्यांत सांपडलेला संरक्षित प्राणी जाळें कापून सोडून देणाऱ्या कोळ्यास सरकारनें २०१८ पासून २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देऊं केली, ही आमच्या मतें फार शहाणपणाची गोष्ट झाली; कारण जाळें हीच त्याची शेती. आणि आमची शेती? गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या नक्वी यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००० सालीं दाखविलें कीं, पश्चिम किनाऱ्यालगत पावसाळ्याच्या अखेरीस पाण्यांतील प्राणवायु संपत जातो व तो प्रकार वाढत आहे. त्यांत जमिनीवरून वाहून येणाऱ्या खतांतील नत्राचा हात असावा असें त्यांनीं सुचविलें. आमचें पाणी पश्चिमेस जात नाहीं, पूर्वेस जातें, एवढाच काय तो फरक.

यंदा कयाधूस पहिला पूर आला तेव्हां आम्ही वरच्या वर्गांतील चार मुलें घेऊन पुलावर उभे राहिलों, आणि अर्धा तास, दिसेल तेवढें, मोजीत गेलों. थर्माकोलाच्या पत्रावळी ६३. औषध फवारण्याच्या रिकाम्या बाटल्या १९, पैकीं सहांस झांकण नव्हतें. खताचीं रिकामीं पोतीं ११. गुटख्याच्या पुड्या मोजण्याचें काम एका मुलाकडे होतें. त्यानें चारशेंवर सोडून दिलें. एक चप्पल. नंतर अंधार पडूं लागला, आणि पाणी पैनगंगेकडे चाललेंच होतें.